बापाची पाळणी

बाळा, बाप झालास. आता जरा बस इथे आणि आत्याचं ऐक. तुझ्या बायकोला सांगायला सगळं गाव आहे. सासू आहे, आशाताई आहे, अंगणवाडीची सेविका आहे, वाटेने जाणारी प्रत्येक बाई आहे. तुला कोणी काही सांगत नाही. तुझ्याकडे पार्टी मागतात आणि तुला बाहेर बसवतात. मी अंगणवाडीत पोरांची वजनं घेत म्हातारी झाले. काट्याजवळ आई दिसायची, कधी आजी दिसायची. बाप असायचा दाराबाहेर, मोटरसायकलवर बसलेला. ते वाईट बाप नव्हते रे. त्यांना कोणी आत बोलावलंच नव्हतं.

आपल्या काठी गावची राजवाडी होळी तू जन्मापासून पाहतोस. १२४६ सालापासून ती पेटते असं जाणते सांगतात. तिच्यासाठी बुध्या नि बावा यांची सोंगं घेणारे गडी पाळणी धरतात. खाटेवर बसत नाहीत, जमिनीवर झोपतात, पायात चप्पल घालत नाहीत. त्यांच्यावर नजर ठेवायला पोलीस लागत नाही. होळीसाठी जो गडी एवढं पाळतो, त्याला पोरासाठी रोज थोडं पाळता येणार नाही, हे मला कोणी सांगू नये. मी सांगते ती पाळणी पाच-सात दिवसांची नाही, एवढाच फरक.

कोणत्या बापाचा तोल लवकर जातो, हे मी पाहिलंय. ज्याने लहानपणी मार खाल्ला तो. जो स्वतः पोरगा असतानाच बाप झाला तो. ज्याच्या डोक्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आहे, जो वर्षातले कितीतरी महिने बारडोली-नवसारीकडे उसाच्या फडात असतो, ज्याच्या हातात संध्याकाळी बाटली येते. तुझ्यात यातलं काय काय आहे ते तुला ठाऊक आहे. मी विचारत नाही. पुढचं नीट ऐक मात्र.

१. पोर जन्मलं त्याच दिवशी हातात घे, भीती वाटली तरी घे — आठ दिवस लांब राहिलास की लांब राहायचीच सवय लागते.

२. एक हात मानेखाली, दुसरा बुडाखाली — पहिले काही महिने त्याची मान त्याच्या ताब्यात नसते.

३. बाळ अडीच किलोच्या आतलं असेल तर दवाखान्यातल्या सिस्टरला विचार, सदरा काढ आणि त्याला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घे — याला कांगारू पद्धत म्हणतात, आईच्या अंगाची ऊब चालते तशी बापाचीही चालते, आणि तेवढ्यात तिला दोन घास खाऊन डोळा लावता येतो.

४. सहा महिने फक्त आईचं दूध. मध नाही, घुटी नाही, पाणीसुद्धा नाही — घरातल्या म्हाताऱ्या हे सुनेचं ऐकत नाहीत, सेविकेचंही ऐकत नाहीत, पण मुलाने सांगितलं की ऐकतात.

५. पाजता येत नाही म्हणून आपलं काम संपलं असं धरू नकोस. पाणी भर, लाकूडफाटा आण, थोरल्याला सांभाळ — बापाने भरलेला हंडा पोराच्या पोटात जातो.

६. रडणाऱ्या बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही — आत मेंदूला मार बसतो आणि बाहेर खूणही दिसत नाही.

७. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरी रडतंय आणि तुझं डोकं तापत चाललंय, तर त्याला दुसऱ्याच्या हातात दे. घरात कोणी नसेल तर जमिनीवरच्या अंथरुणावर उताणं ठेव आणि अंगणात दहा श्वास घेऊन ये — रडून बाळाचं काही जात नाही, रागाच्या एका झटक्याने सगळं जातं.

आता खाण्याचं. यावर मी जास्त बोलणार, कारण आपल्या नंदुरबारचं नाव पेपरात येतं ते कुपोषणाने. अक्कलकुवा, धडगाव, मोलगी ही नावं मुंबईच्या लोकांना तेवढ्यासाठीच पाठ झालीत. बातमीत आई असते, वाळलेलं बाळ असतं, डॉक्टर असतो, मंत्री असतो. बाप कुठे असतो? फोटोतही नसतो. खरं तर घरात काय शिजणार, बाजारातून काय येणार, दवाखान्यात कधी जायचं, हे बहुतेक घरांत बापच ठरवतो. म्हणून हे सगळं तुला सांगते, तिला नाही.

८. सहा महिने पूर्ण झाले की पातळ नको, मऊ दे. भात, डाळ, कुस्करलेली भाकर, वर चमचाभर तेल — पाण्याने पोट भरतं, अंग भरत नाही.

९. पोराची वाटी वेगळी ठेव — सगळ्यांच्या ताटात त्याने किती खाल्लं ते कोणालाच कळत नाही.

१०. दिवसातून एक वेळ तरी तू स्वतः भरव, आणि भरवताना मोबाईल खिशात ठेव — बाप समोर बसला की पोर दोन घास जास्त खातं, हे मी दारोदारी फिरून पाहिलंय.

११. घरात अंडं एकच असेल तर ते कोणाच्या ताटात पडतं ते बघ — सवयीने ते तुझ्या ताटात येईल, तेव्हा तूच उचलून तिकडे ठेव.

१२. बायको पोटुशी असेल किंवा पाजत असेल तर तिला अमृत आहाराच्या जेवणाला अंगणवाडीत जाऊ दे. राज्याने २०१५ साली ही योजना आदिवासी भागासाठीच काढली — तिथे तिच्यासमोर चौरस ताट येतं, घरी ती सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते.

१३. उसाच्या मोळ्या मोजतोस, पोराचा दंडही मोज. सेविकेकडे रंगीत पट्टी असते; सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, साडेबारापर्यंत पिवळा — पोर रोज डोळ्यांसमोर असलं की त्याचं वाळणं दिसत नाही, पट्टीला दिसतं.

१४. लाल निघालं तर लाजू नकोस, रागावू नकोस, आणि बायकोवर तर मुळीच खापर फोडू नकोस. त्याच दिवशी सेविकेबरोबर आरोग्य केंद्र गाठ — अशा पोराला साधी हगवणही झेपत नाही.

१५. दवाखान्यात पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवा म्हणाले तर ठेव, आणि घरची थोरली पोरं नि जनावरं तू सांभाळ — आया तिथून अर्ध्यात पळून येतात त्या बाळामुळे नाही, मागे घर उघडं पडतं म्हणून.

१६. हगवण लागली की ओआरएसचं पाणी, आणि डॉक्टरने दिलेली झिंकची गोळी पूर्ण १४ दिवस — तिसऱ्या दिवशी थांबलं म्हणून गोळी थांबवायची नाही, ती पुढच्या दुखण्यासाठीही असते.

भगताकडे जायचं तर जा, मी अडवत नाही. माझाही विश्वास आहे देवावर, याहा मोगी मातेला मी दरवर्षी हात जोडते. पण पोराला दम लागलाय, ते दूध ओढत नाही, झटके येताहेत, डोळे फिरवतंय, तर आधी १०८ला फोन, मग देवाला हात. देव तेवढा वेळ थांबतो.

आता बोलण्या-खेळण्याचं.

१७. पोराशी आपल्या बोलीत बोल, पहिल्या दिवसापासून — मराठी शाळेत येईल, पण बापाची बोली बापाकडूनच येते.

१८. काम करता करता बोल: “हे बघ विळा, हा बैल, ही कोय” — त्याला उत्तर देता येत नाही, पण सगळं आत साठतं.

१९. खेळणं विकत आणू नकोस, बनव. मातीचा बैल, बांबूची गाडी, कोयीची पिपाणी — दुकानातलं मोडलं की पोर रडतं, बापाने केलेलं मोडलं की दुसरं करायला बसतं.

२०. पावरी किंवा ढोल वाजवत असशील तर त्याला मांडीवर घेऊन हळू वाजव — त्याला सूर कळतो आणि तुझं मन निवतं.

२१. मुलगी असेल तर यातलं काहीही कमी करू नकोस, तिलाही बैल हाकू दे, झाडावर चढू दे — बापाने धीर दिलेली पोरगी पुढे कोणाच्या दमाला भीत नाही.

मारायच्या बाबतीत मी कडक आहे, आधीच सांगते.

२२. पोराला मारायचं नाही. चापट नाही, काठी नाही, कान पिरगळणं नाही — मारलेलं पोर ऐकत नाही, लपतं.

२३. “मलाही बापाने मारलं, मी काय बिघडलो?” असं म्हणशील. मग स्वतःला विचार, बाप घरात आला की तू कुठे जायचास — ती जागा तुझ्या पोराला शोधावी लागू नये.

२४. नको ते करत असेल तर काय करायचं नाही हे कमी सांग, काय करायचं ते जास्त. “चुलीजवळ जाऊ नको” म्हणण्यापेक्षा “ये, इथे बस, शेंगा सोल” — रिकामा हात चुलीकडे जातो, भरलेला हात जागेवर बसतो.

२५. चांगलं केलं की तिथल्या तिथे बोलून दाखव: “शेळ्या वेळेवर आणल्यास, बरं केलंस” — आपल्याकडे शाबासकी बैलाला मिळते, पोराला मिळत नाही.

२६. एक-दोनच नियम कर आणि रोज तेच ठेव — आज हसून सोडलं नि उद्या त्याच गोष्टीवर ओरडलास, तर पोर नियम शिकत नाही, तुझा चेहरा वाचायला शिकतं.

२७. दिलेला शब्द पाळ, मग तो बाजारातल्या जिलेबीचा का असेना — मोठ्या शब्दावरचा विश्वास छोट्या शब्दावर उभा राहतो.

दारूचं सांगितल्याशिवाय तुला उठू देणार नाही. सणाला देवाला मोहाची धार सोडतात, ती सोड. रीत मोडायला मी सांगत नाही. रीत देवाची आहे, रोजची बाटली देवाने सांगितलेली नाही.

२८. घेतलेली असेल त्या रात्री बाळाच्या अंथरुणात झोपायचं नाही — शुद्ध नसलेल्या माणसाच्या अंगाखाली बाळ गुदमरतं आणि त्याला कळतही नाही.

२९. घेतलेली असेल तर पोराला मोटरसायकलवर घ्यायचं नाही, घाटात तर नाहीच — वळण आपल्या ओळखीचं असतं, पण समोरून येणारी जीप नसते.

३०. मजुरीचे पैसे हातात आले की आधी घरी ये, मग बाजारात जा — वाटेत गुत्ता लागतो, घरी बायको लागते. पैसा आधी कोणाला भेटतो त्यावर आठवडा ठरतो.

३१. सोडावीशी वाटते आणि सुटत नाही, तर ते दुखणं आहे, दुखण्याला औषध असतं. १४४४६ हा सरकारचा फुकट नंबर आहे. पुण्यात अवचट पती-पत्नींनी १९८६ साली काढलेलं मुक्तांगण आजही चालू आहे, तिथून कितीतरी बाप नीट होऊन घरी गेलेत — एकट्याने सोडतो म्हणणारा पहिल्या लग्नाच्या वरातीत परत धरतो.

बायकोबद्दल थोडंच सांगते, कारण तुला कळतं. पोरासमोर तिच्यावर हात उचललास तर तो पोरावरच उचललास असं समज.

३२. रागाचं बोलणं पोर झोपल्यावर कर आणि तेही अंगणात — पोर झोपलेलं असलं तरी कान जागे असतात.

३३. ती रुसून माहेरी गेली तर पंचांपुढे पोराची ओढाताण करू नकोस. पंच बसायच्या आधी पोराला खाऊ घेऊन भेटून ये — भांडण नवरा-बायकोचं असतं, बाप तर तू राहतोसच.

३४. जो गडी जेलमधून किंवा फार दिवसांनी परत आला असेल, त्याने पहिल्याच दिवशी पोराला ओढून जवळ घेऊ नये. जवळ बसावं, काही बनवत बसावं — पोर आपणहून सरकत येतं, त्याला त्याच्या चालीने येऊ द्यावं.

आता माझं आवडतं गाऱ्हाणं. बापाला हे सगळं शिकवता येतं का? येतं. हे माझं एकटीचं म्हणणं नाही. आफ्रिकेत रवांडा नावाचा डोंगराळ देश आहे. १९९४ साली तिथे भयंकर कत्तल झाली. त्या देशात ‘बांदेबेरेहो’ नावाने तरुण बापांचे गट केले. पुरुषांच्या पंधरापर्यंत बैठका, त्यातल्या काहींना बायकाही. भाषण नाही. एकमेकांना सांगायचं, माझा बाप कसा होता, त्याचं काय घ्यायचं, काय सोडायचं. २०१८ साली त्याचा अभ्यास छापून आला. गटात बसलेल्यांच्या घरात बायकोला मारणं कमी होतं, पोरांना मारणंही कमी, आणि गडी घरकामात जास्त वेळ देत होते. आपल्याकडे मुंबईत हरीश सदानींनी नि त्यांच्या मित्रांनी १९९३ साली ‘मावा’ काढली, तिथेही पुरुष पुरुषांशीच बोलतात. आणि सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या लोकांनी युनिसेफ नि एकात्मिक बालविकास सेवेबरोबर ‘आरंभ’ उभा केला. त्यात अंगणवाडीत पालक मेळावा भरतो, पोराशी कसं बोलायचं, कसं खेळायचं ते करून दाखवतात. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की अशा पालक-शिकवण्या सगळीकडे हव्यात.

पण आपल्याकडे मेळावा ठेवतात भर दिवसा. गडी तेव्हा शेतात, नाहीतर गुजरातेत. मग अहवालात लिहायचं, वडील आले नाहीत. अरे, संध्याकाळी ठेवा. होळीच्या आठवड्यात ठेवा, तेव्हा फडातूनही सगळे घरी येतात. पाळणीतले गडीसुद्धा येतील, त्यांना जमिनीवरच बसायचं असतं. मी हे दर बैठकीत सांगत आले. आता तुम्ही बापांनी सांगा, तुमचं वजन जास्त पडेल.

३५. मेळाव्याला ये, आणि एकटा येऊ नकोस, दोन मित्रांना घेऊन ये — एकटा बाप बायकांत लाजतो, तिघे आले की बायकाच सरकून जागा देतात.

३६. तिथे काही बोलायला सुचलं नाही तर नुसतं पोराला मांडीवर घेऊन बस — पुढच्या वेळी दुसरा बाप तुझ्याकडे बघून घेईल.

३७. ज्याचं पाहून बरं वाटतं असा गावातला एखादा बाप हेर आणि त्याच्याजवळ बसत जा — शिकवण कानाने येते, वळण शेजाराने लागतं.

राहिलं उसाचं. दिवाळी झाली की ट्रक येतात. जाऊ नकोस असं म्हणणं सोपं आहे, पण आपल्या डोंगरात तेवढी मजुरी असती तर कोणी गेलं नसतं.

३८. मुकादमाकडून उचल घेताना अंगठा देण्याआधी आकडा वहीत लिहून घे, बायकोलाही सांग — कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तो दोघांचा असतो, कर्जही दोघांच्या माथी बसतं, आणि न कळलेल्या कर्जाचा राग शेवटी पोरावर निघतो.

३९. निघायच्या आधी सेविकेला गाव, तालुका आणि मोबाईल नंबर सांगून जा. २०२२ पासून स्थलांतर करणाऱ्या आया-पोरांची नोंद ठेवायची सोय झाली आहे आणि त्यात आपला जिल्हा पहिल्यापासून आहे — नाव पुढे गेलं की तिकडच्या अंगणवाडीतही आहार मागता येतो.

४०. लसीकरणाचं कार्ड तुझ्या खिशात ठेव, पत्र्याच्या पेटीत नको — पेटी पडावावर, टोळीच्या मुक्कामावर, राहते आणि लस गावात असते.

४१. पहाटे कोपीतून, म्हणजे झोपडीतून, निघताना लहानग्याला सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर टाकू नका. चार-पाच कोयते मिळून एका मोठ्या बाईला पडावावर ठेवा आणि तिची मजुरी सगळ्यांनी वाटून द्या — हे मुकादमाला बाप बोलला तरच होतं, आई बोलली तर तो हसतो.

४२. पोराला फडातल्या सावलीत झोपवलंस तर ट्रॅक्टरच्या वाटेपासून लांब, आणि वर लाल फडका बांध — उसाच्या पाचटात झोपलेलं बाळ चालवणाऱ्याला दिसत नाही.

४३. शाळेत जाणारं पोर मागे आजीकडे किंवा आश्रमशाळेत ठेवलंस तर दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन कर. “अभ्यास केला का?” एवढंच विचारून ठेवू नकोस, काय खाल्लं, कोणाशी खेळला ते विचार — पोर त्या वेळेची वाट बघतं, आणि वाट बघणाऱ्या पोराला कोणी वाईट वाटेला लावू शकत नाही.

४४. कोणतंही पोर मार खाताना, राबताना, एकटं सापडलेलं दिसलं, तुझं असो की नसो, १०९८ला फोन कर — फुकट लागतो, रात्रीही लागतो.

४५. फोनमध्ये हे तिन्ही नंबर आत्ताच घाल, माझ्यासमोर: १०८, १०९८, १४४४६. मग बाळाला इकडे दे, तू जेवून घे, आणि संध्याकाळी सेविकेकडे जाऊन पुढचा मेळावा कधी आहे ते विचारून ये.